कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे



जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ उगम पावणारी कुकडी नदी पुढे घोड नदीस मिळते. वाटेत पारनेर तालुक्यातील निघोज आणि शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी या गावांच्या दरम्यान तिचे पात्र काळ्या कातळात खोल उतरते. तेथे रांजणाच्या आकाराचे असंख्य खळगे आढळतात. परिसरातील लोक या स्थळास 'कुंड' म्हणतात. मळगंगा देवीचे हे स्थान असल्याने भाविकांचीही येथे वर्दळ असते.

हे रांजण मानवी हातांनी घडविलेले नाहीत. येथील कातळ बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचले व दख्खनचे पठार बनले. त्याच थरांत पुढे नदीने आपली वाट कोरली. पुराबरोबर आलेले गोटे कातळाच्या भेगांत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्याच्या पाळीप्रमाणे तळ व बाजू घासू लागतात. गोटा झिजून वाळू होते. पुढील पूर नवा गोटा आणतो. हजारो वर्षे हे चालले की खळग्याचा रांजण होतो. शेजारच्या दोन रांजणांमधील भिंत झिजली की ते एकजीव होतात व घळ अधिक रुंद होते.

हे सौंदर्य पाहावयास जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. ज्या झिजेने कातळास हा घाट दिला, त्याच झिजेने तो धोकादायकही केला आहे. कडा गुळगुळीत आहेत, शेवाळाने निसरड्या होतात. खळग्याची खोली वरून उमगत नाही आणि उभ्या भिंतींमुळे आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यासही हाताला आधार सापडत नाही. वरच्या अंगास येडगावचे धरण आहे; तेथून पाणी सोडले असता कुंडावर पाऊस नसतानाही प्रवाह वाढू शकतो. म्हणून पावसाळ्यात पात्रात उतरू नये, मुलांचा हात सोडू नये, छायाचित्रासाठी कडेवर जाऊ नये. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यातील सकाळी, सुरक्षित अंतरावरून हे स्थळ निवांत पाहता येते.

तेथील गोटे आठवण म्हणून उचलून नेऊ नयेत. तीच नदीची हत्यारे होत. कातळावर नावे कोरू नयेत, खळग्यांत बाटल्या टाकू नयेत. नदीचे हे काम अद्याप संपलेले नाही. ते तसेच चालू राहील, एवढी काळजी पाहुण्यांनी घ्यावी.