कढत झऱ्यांचे गाव

(जयपूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



जयपूरकरांना झऱ्याचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. अरवलीच्या कुशीत गलता येथे गोमुखातून पडणारे पाणी कुंडांत साठते आणि मकरसंक्रांतीस तेथे स्नानासाठी भाविकांची दाटी होते. महाराष्ट्रात तानसेच्या काठी वज्रेश्वरीस आणि दापोली तालुक्यात उन्हवऱ्यास तर ऊन पाण्याची कुंडेच आहेत. त्वचेचे विकार बरे व्हावेत या श्रद्धेने लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले. जपानात अशा झऱ्यांभोवती गावेच्या गावे वसली. गुन्मा प्रांतातील कुसात्सु हे त्यांतील एक नामांकित गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर डोंगरात वसलेले.

गावाच्या मध्यभागी 'युबाताके', म्हणजे ऊन पाण्याचे शेत आहे. तेथे लाकडी पन्हळींतून वाहता वाहता पाणी निवते. गावातील सर्व झऱ्यांतून मिनिटाला ३२,००० लिटरांहून अधिक पाणी येते. थंड पाणी मिसळल्यास त्याचा गुण उणावतो, म्हणून लांब फळ्यांनी ते घुसळून, गाणी म्हणत निववण्याची जुनी रीत आहे; तिला 'युमोमी' म्हणतात. हे पाणी इतके आम्ल आहे की, १९६४ पासून तेथील नदीत अहोरात्र चुना मिसळून त्याची तीव्रता कमी करावी लागते.

स्नानाची शिस्तही लक्षात घेण्याजोगी. प्रथम बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचे, मगच सामाईक कुंडात उतरावयाचे. वस्त्रे उतरल्यावर तेथे धनिक कोण आणि मजूर कोण, हे ओळखू येत नाही.

परंतु पाण्याने जो भेद केला नाही, तो माणसांनी केला. बरे होण्याच्या आशेने कुष्ठरोगी येथे येत. १८८७ मध्ये त्यांची वस्ती गावाबाहेर युनोसावा येथे वेगळी काढण्यात आली. १९३२ मध्ये जवळच सरकारी रुग्णाश्रम निघाला. त्याच्या आवारातील अंधारकोठड्यांत १९३८ ते १९४७ या काळात ९३ रुग्णांना डांबण्यात आले. त्यांपैकी २३ जण दगावले. गुणकारी औषध आल्यावरही सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. आज त्या कोठड्यांचा इतिहास सांगणारे संग्रहालय तेथे उभे आहे. स्वतःच्या अपराधाची आठवण पाहुण्यांपुढे उघडी ठेवण्यास धैर्य लागते.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांनी उभारलेले आनंदवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कोठड्यांचा अर्थ लवकर उमगेल. समाजाने दूर लोटलेल्या माणसांना तेथे औषधाबरोबर काम आणि मान मिळाला.

म्हणून कुसात्सुला जाणाऱ्या प्रवाशाने ऊन पाण्याचा आनंद अवश्य घ्यावा, तेथील शिस्त पाळावी, आणि एक प्रहर त्या संग्रहालयासाठीही राखून ठेवावा. मुले बरोबर असतील तर त्यांनाही न्यावे. कुंडात कोणाला उतरू दिले नाही, हे कळल्यावाचून त्या गावाची ओळख पुरी होत नाही.