दिव्याची दृष्टी

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी शिकलो, तिच्याच व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांनी पदार्थविज्ञान शिकविले. त्यांच्या गुणांचे वर्णन करण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ असलेल्यांचा आहे. मी त्यांनी शिकविलेला एकच धडा आज आपल्यापुढे मांडणार आहे. तो धडा एका लहानशा दिव्याविषयी आहे.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक ध्वनिवर्धक तयार केला होता. त्यातील पहिल्या ट्रान्झिस्टरला स्थिर व्होल्टेज मिळावे म्हणून मी तांबडा एलईडी, म्हणजे प्रकाश-उत्सर्जक डायोड, वापरला होता. घरी रात्री टेबलावरच्या बॅटरीच्या उजेडात हे यंत्र उत्तम चाले. प्रयोगशाळेत आणले की त्यातून सतत गुणगुण ऐकू येई. मी कपॅसिटर बदलले, तारा पुन्हा डाखल्या, ट्रान्सफॉर्मरला दोष दिला. गुणगुण काही थांबेना. सर आले, क्षणभर ऐकत राहिले. मग त्यांनी खिशातील फाउंटन पेनाचे काळे टोपण काढले आणि त्या एलईडीवर उपडे ठेवले. गुणगुण थांबली. टोपण उचलले, पुन्हा सुरू झाली. त्यांनी वर ट्यूबलाइटकडे बोट दाखविले आणि ते निघून गेले. उत्तर त्यांनी सांगितले नाही.

ते मला दोन दिवसांनी उमगले. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात दोनदा प्रकाश वाढतो आणि मंदावतो. त्यामुळे त्या काळची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असे. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण माझ्या यंत्रातील दिव्याला जाणवत होते. ज्याला मी केवळ उजेड देणारी वस्तू समजत होतो, तो उजेड पाहत होता. मी जिला बिघाड म्हणत होतो, ती त्या वस्तूची एक शक्ती होती.

ही शक्ती कोठून येते? एलईडीमध्ये दोन प्रकारच्या अर्धसंवाहकांची सांधणी असते. तिला पी-एन संधी म्हणतात. एका बाजूस इलेक्ट्रॉनांची विपुलता, दुसऱ्या बाजूस त्यांच्या रिकाम्या जागांची. योग्य दिशेने वीज दिली की इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागांत पडतात आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर येते. आता हीच क्रिया उलटी कल्पून पाहा. बाहेरून पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आला, तर तो एका इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवितो. संधीपाशी असलेले विद्युत्क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूस आणि रिकाम्या जागेला दुसऱ्या बाजूस नेते, आणि बाहेरच्या तारेत अल्पसा प्रवाह वाहू लागतो. देणे आणि घेणे या एकाच दाराच्या दोन वाटा आहेत.

इतिहासही तेच सांगतो. स्फटिकाच्या टोकाशी उमटणारा प्रकाश एच. जे. राउंड यांनी १९०७ साली नोंदविला आणि डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनविला. परंतु स्फटिकाने पाहण्याची कथा याहून जुनी आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा शोधक तयार केला. त्यासाठी १९०१ साली केलेल्या अर्जावर १९०४ साली त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. विद्युत्‌लहरींप्रमाणेच प्रकाशासही तो शोधक प्रतिसाद देतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९४० साली बेल प्रयोगशाळेत रसेल ओल हे सिलिकॉनच्या एका भेगाळलेल्या कांडीची परीक्षा करीत असता, दिव्याचा प्रकाश पडताच तिच्या टोकांमध्ये सुमारे अर्धा व्होल्ट उत्पन्न झाला. पी-एन संधीची ओळख पटली ती अशी, प्रकाशाच्या साक्षीने. म्हणजे या घराण्यात पाहणे आधी आले, दिवा होणे नंतर.

आपणांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा. स्वच्छ भिंगाचा तांबडा एलईडी घ्या, त्याची दोन टोके डिजिटल मल्टिमीटरला जोडा आणि दिव्याचे तोंड उन्हाकडे करा. दीड व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आता अंधाऱ्या खोलीत एक एलईडी पेटवा आणि दुसरा मीटरला जोडून त्याच्यासमोर धरा. हिरवा पेटविला तर तांबडा त्याला पाहतो. तांबडा पेटविला तर हिरवा मात्र जवळजवळ आंधळा राहतो. कारण सरळ आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी त्याच्या कणाची ऊर्जा अधिक. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ती ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाची सुमारे १.९, तर ५६५ नॅनोमीटरच्या हिरव्याची सुमारे २.२. प्रत्येक एलईडी आपल्या रंगाच्या किंवा त्याहून थोड्या अधिक ऊर्जेच्या प्रकाशालाच ओळखतो. पांढऱ्या एलईडीची गंमत निराळी आहे. त्याच्या पोटात निळाच स्फटिक असतो आणि वरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. म्हणून त्याला पाहता येते ते मुख्यतः निळे-जांभळे.

नेहमीच्या प्रकाशसंवेदकाला सारेच रंग दिसतात. एकच रंग हवा असेल तर त्याच्यापुढे महागडी गाळणी ठेवावी लागते. एलईडी मात्र आपली गाळणी जन्मतःच घेऊन येतो. या गुणाचे मोल ज्याने ओळखले, तो कोणी प्राध्यापक नव्हता. अमेरिकेतील फॉरेस्ट मिम्स यांची पदवी राज्यशास्त्राची. शाळेत असताना, १९६२ साली, प्रकाश ओळखणारी वस्तू प्रकाश देऊ शकेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी मोटारीच्या इग्निशन कॉइलचा उच्च दाब एका प्रकाशसंवेदकाला दिला आणि त्यातून हिरवट चमक निघाली. पुढे त्यांनी उलटा प्रश्न विचारला आणि एलईडीलाच संवेदक केले. १९९० च्या फेब्रुवारीत टेक्सासमधील आपल्या घरापाशी त्यांनी एलईडी बसविलेल्या उपकरणाने सूर्यप्रकाश मोजण्यास आरंभ केला. १९९२ साली त्या उपकरणाचे वर्णन ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या शोधपत्रिकेत आले. १९९० ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख २०२२ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या पत्रिकेने छापला. त्यांच्या धर्तीचे, हिरव्या आणि तांबड्या एलईडीचे उपकरण ‘ग्लोब’ या शालेय विद्यार्थ्यांच्या उपक्रमासाठीही तयार झाले.

२००३ साली मित्सुबिशीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत डीट्झ, येराझुनिस आणि ली यांनी आणखी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. मायक्रोकंट्रोलरने एलईडीला क्षणभर उलट दिशेने वीज द्यायची. संधी एखाद्या अतिसूक्ष्म कपॅसिटरप्रमाणे भरते. मग वीज तोडायची आणि ती रिती होण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे. उजेड जास्त तर वेळ कमी, अंधार असेल तर वेळ जास्त. वर्धक लागत नाही, वेगळा संवेदक लागत नाही. एकच दिवा आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या इंदूरहून जवळ असलेल्या उज्जैनला सवाई जयसिंहांची वेधशाळा आहे. १९२३ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील शंकुयंत्र आपण पाहिले असेल. उभी काठी म्हणजे शंकू, तिची जमिनीवरील सावली म्हणजे छाया, आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा म्हणजे छायाकर्ण. आपल्या ज्योतिषग्रंथांत शंकू १२ अंगुळांचा धरतात. सूर्य डोक्यावर असताना प्रकाश जितक्या हवेतून येतो तिला एक माप म्हणा. सूर्य कलला की हवेची जाडी वाढते. किती वाढते? छायाकर्णाला शंकूने भागा. सावली ५ अंगुळे असेल तर कर्ण १३, हवा १.०८ मापे. सावली १६ असेल तर कर्ण २०, हवा १.६७ मापे. सूर्य क्षितिजाच्या फार जवळ नसेल, तोवर हे गणित पुरते. ज्या काठीने पूर्वजांनी वेळ मोजली, तीच काठी आपल्याला हवेची जाडी सांगते.

या काठीशेजारी एलईडीचे उपकरण ठेवा. समजा, हवा १ माप असताना त्याचा आकडा ८० आला आणि २ मापे असताना ६४. म्हणजे हवेच्या प्रत्येक मापाने प्रकाश आठ-दशांश केला. मग हवा नसतीच तर आकडा १०० आला असता. पृथ्वीवर उभे राहून वातावरणाबाहेरील प्रकाशाचा आकडा असा हाती येतो. तो एकदा नीट ठरला की पुढे रोजच्या एकाच नोंदीवरून त्या दिवशी आकाशात धूळ-धूर किती, हे सांगता येते. पण त्यासाठी आरंभी अगदी निरभ्र आणि स्थिर हवेचे काही दिवस निवडावे लागतात. मिम्स आपली उपकरणे तपासण्यासाठी हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेपर्यंत जात असत, ते याच कारणाने.

येथे काही सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. मीटरवरील व्होल्टेज प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाह वाढतो. म्हणून प्रवाहच मोजला पाहिजे. तो अतिशय अल्प असल्याने त्यासाठी ऑप-अँपचा साधा वर्धक लावावा लागतो. दिवा आतून काळ्या केलेल्या नळीत बसवावा, म्हणजे त्याला फक्त सूर्य दिसेल. नळी सूर्याकडे वळविताना सूर्याकडे पाहू नये. नळीची सावली सर्वांत लहान झाली की दिशा बरोबर. तापमान बदलले की एलईडीची संवेदनशीलता बदलते, म्हणून उपकरण उन्हात ठेवून देऊ नये. एकाच रंगाचे दोन एलईडी सारखे नसतात. ज्याचे माप ठरविले, तोच जपून ठेवावा. शिवाय जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. तेव्हाचा प्रकाश जुलैच्या आरंभापेक्षा सुमारे सात टक्के अधिक असतो, तोही हिशेबात घ्यावा.

नुसता आकडा किती फसवू शकतो, याचे उदाहरण आपल्याच गावचे घ्या. कर्कवृत्त आपल्याला अगदी जवळ आहे. २१ जूनच्या मध्यान्ही इंदुरात काठीला सावली जवळजवळ पडत नाही. हवा एक माप. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीसुद्धा ती सुमारे १.४४ मापे होते. हे ध्यानात न घेता हिवाळ्यात आकडा घटला म्हणून कोणी धुराला दोष दिला, तर तो माझ्याच चुकीची पुनरावृत्ती करील. मीही ट्रान्सफॉर्मरला दोष दिलाच होता.

श्रोतेहो, या एलईडीची किंमत काही रुपये आहे. त्याच्या आकड्यांना किंमत येते ती वर्षानुवर्षे टिकविलेल्या नोंदींनी. मिम्स यांच्या तीस वर्षांचे रहस्य उपकरणात कमी आणि नेमात अधिक आहे. अशा कामासाठी शाळेसारखी जागा नाही. माणसे येतात, जातात. शाळा त्याच जागी, त्याच अक्षांशावर उभी असते. माझी संस्थेला विनंती आहे की गच्चीवर १२ अंगुळांचा एक शंकू उभारावा, त्याच्याशेजारी एलईडीचे एक उपकरण असावे आणि एक जाड वही घालावी. निरभ्र दिवशी मध्यान्ही आठवी-नववीच्या मुलामुलींनी छाया, प्रवाह आणि तापमान लिहावे, खाली आपले नाव घालावे. नोंद चुकली तर ती खोडू नये. शेजारी शंका लिहून ठेवावी. आज जी चूक वाटते तिच्यातच उद्या कोणाला काही सापडेल. उपकरण बनविण्याचा भार आम्ही माजी विद्यार्थी उचलू.

सरांचे ते टोपण पुन्हा माझ्या पाहण्यात आले नाही. परंतु एखादे यंत्र समजुतीबाहेर वागू लागले की मी अजूनही प्रथम दिवा झाकून पाहतो. सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.