मज्जाविकारशास्त्राचे पुस्तक निवडताना



'मज्जासंस्थेच्या विकारांसाठी कोणते पुस्तक घ्यावे?' हा प्रश्न येथील पालक मला वारंवार विचारतात. या विषयाचे भय विद्यार्थ्यांमध्ये इतके सार्वत्रिक आहे की राल्फ जोझेफोविझ या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञाने १९९४ साली त्याला 'न्यूरोफोबिया' असे नावच दिले. शरीररचनेचे पाठ केलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी वापरता येत नाही, हे त्याचे मूळ. म्हणून जे पुस्तक रुग्णापासून आरंभ करते, ते प्रथम पाहावे. ब्लुमेनफेल्ड यांचे २००२ साली प्रथम निघालेले 'न्यूरोअॅनाटमी थ्रू क्लिनिकल केसेस' या पद्धतीचे आहे. तपासणीसाठी जेरेंट फुलर यांचे छोटेखानी 'न्यूरॉलॉजिकल एक्झॅमिनेशन मेड ईझी' पुरेसे आहे.

जाड ग्रंथ भेट देण्याची हौस आपल्या घरांत फार! अॅडम्स आणि व्हिक्टर यांचा १९७७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ थोर आहे, यात शंका नाही. परंतु तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या कपाटात तो शोभेपुरताच राहतो.

दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर एक कसोटी लावून पाहा. पाऊल वर उचलता न येणाऱ्या रुग्णाचे पान काढा. दोष कमरेतील पाचव्या मज्जामुळाचा की गुडघ्याच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनियल मज्जातंतूचा, हे कसे ओळखावे? पाऊल आतील बाजूस वळवण्याची शक्तीही क्षीण असेल तर संशय मुळावर. ती शाबूत असेल तर मज्जातंतूवर. हा भेद आणि त्याचे कारण जे पुस्तक सांगते, ते विकत घ्यावे. जे केवळ कारणांची यादी देते, ते परत ठेवावे.

आता जुन्या पुस्तकांविषयी. वरच्या वर्गातील मुलांची पुस्तके मागून आपल्यापैकी अनेकांनी शिक्षण पुरे केले, त्यात कमीपणा नाही. रचनेचे जुने पुस्तक आजही चालेल. उपचाराचे मात्र चालणार नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ च्या अमेरिकन चाचणीने दाखवले. २००८ साली ही मर्यादा साडेचार तासांवर गेली. नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा लाभ २०१५ च्या चाचण्यांनी सिद्ध झाला आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत देता येतो. रात्री धडधाकट झोपलेला आणि सकाळी अर्धे अंग लुळे पडलेला मनुष्य जुन्या पुस्तकावर वाढलेल्या नवख्या डॉक्टरला 'वेळ टळलेला' वाटेल. त्या एका समजुतीने तो मनुष्य जन्माचा परावलंबी होऊ शकतो.

आणखी एक उणीव सांगतो. येथील बहुतेक छोट्या मार्गदर्शिकांत कुष्ठरोगाला एखादी ओळ मिळते. भारतात राष्ट्रीय पातळीवर २००५ च्या अखेरीस त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. रोग मात्र संपलेला नाही. कोपरामागचा जाड झालेला मज्जातंतू बोटांनी चाचपून पाहण्याची सवय नसेल, तर बधिर हाताचे निदान वर्षानुवर्षे चुकते आणि बोटे वाकडी होतात. फीट येणाऱ्या स्थलांतरितांत मेंदूतील फीतकृमीच्या गाठींचेही तसेच. ही दोन प्रकरणे अनुक्रमणिकेत शोधा. नसतील तर ग्रंथालयातून उष्णकटिबंधीय रोगांचा एखादा ग्रंथ आणून तेवढी पाने वाचा. त्यासाठी नवे पुस्तक घेण्याचे कारण नाही.