आठ फुटी टेबल, सहा रेड आणि बाबा

आजचा भाग मी आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसबाहेर पायरीवर बसून रेकॉर्ड करतेय. त्यामुळे मागून अधूनमधून टक, टक असा आवाज येईल. तो एडिट करून काढणार नाहीये. आत बाबा खेळतायत. जे हे ऐकत नसून वाचतायत, त्यांनी टक टक स्वतःच्या मनाने घालून घ्यावी.

तर विषय असा. न्यू जर्सीत आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक पूल टेबल आहे, आठ फुटी. आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या बाबांना पूल आवडत नाही. त्यांना स्नूकर हवं. स्नूकरचं टेबल बारा फुटी. ते इथे जवळपास कुठे नाही, आणि असलं तरी मी ऑफिसमध्ये असताना त्यांना तिथे नेणार कोण? मग आम्ही आठ फुटी टेबलावर स्नूकर बसवायला घेतलं. 'बॉल कमी करायचे, झालं!' असं मला वाटलं होतं. तसं नसतं.

आधी बाबांबद्दल थोडं. बाबा पुण्यातल्या एका क्लबात मार्कर होते, तीसेक वर्षं. क्लबचं नाव सांगत नाही, गरजही नाही. मार्कर म्हणजे टेबलापाशी उभा राहून स्कोअर पुकारणारा, कलर बॉल परत जागेवर ठेवणारा, मेंबरच्या हातात रेस्ट देणारा माणूस. मी शाळेत असताना कधीतरी डबा द्यायला जायचे, तेही मागच्या दाराने. हॉलमध्ये काही गेले नाही. त्यामुळे बाबांच्या हातात क्यू मी आयुष्यात पाहिलाच नव्हता. ऐकून माहीत होतं की ते चांगलं खेळतात. मेंबर यायच्या आधी सकाळी खेळायचे, आणि एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्याबरोबर.

पहिल्या दिवशी बाबांनी काय केलं? ब्रश शोधला. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत झाडलं, मग तळहात फिरवून म्हणाले, "अगं, याला लवच नाहीये." बरोबर होतं. स्नूकरच्या कापडाला एका दिशेची लव असते, बॉल हळू मारला की त्या लवेने वळतो. पूलचं कापड बहुतेक वेळा गुळगुळीत असतं, बॉल नुसता पळतो. मग त्यांनी पॉकेटमध्ये मूठ घातली आणि हसले. "हे पॉकेट आहे की बादली?"

आता थोडं गणित, घाबरू नका. बारा फुटी टेबलाची खेळायची जागा साधारण १४०.५ इंच बाय ७० इंच. आमच्या टेबलाची ८८ बाय ४४. म्हणजे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्याही आत आलं. आणि बॉल उलट मोठे! स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर, पूलचा ५७.१५. कोपऱ्याचं पॉकेट स्नूकरमध्ये साधारण साडेतीन इंच, पूलमध्ये साडेचार किंवा जास्तच. शिवाय स्नूकरच्या पॉकेटच्या कडा गोलाई घेऊन आत वळतात, कुशनला घासत आलेला बॉल थोडा जरी चुकला तरी कडेवर थरथरून बाहेर येतो. पूलच्या पॉकेटच्या कडा सरळ कापलेल्या, बॉलला 'या, बसा' म्हणणाऱ्या.

"मग स्नूकरचे छोटे बॉल मागवू या का ऑनलाइन?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "बादलीत लिंबू टाकायचंय का?" विषय संपला. पूलचेच बॉल वापरायचे ठरलं.

पूलच्या सेटमध्ये पांढरा सोडून १५ बॉल असतात. स्नूकरला सहा कलर लागतात. १ नंबर पिवळा, तो पिवळाच, दोन पॉइंट. ६ नंबर हिरवा, तीन. ७ नंबर मरून, त्याला तपकिरी मानायचं, चार. २ नंबर निळा, पाच. ८ नंबर काळा, सात. राहिला गुलाबी, सहा पॉइंटचा. तिथे आम्ही जांभळा ४ नंबर बसवला. (टीव्हीसाठीच्या काही सेटमध्ये ४ नंबर खरंच गुलाबी असतो. ज्यांच्याकडे तसा सेट असेल ते नशीबवान.) उरले नऊ, ते सगळे रेड. पट्ट्यापट्ट्यांचे रेड बघून आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "यात लाल कुठला?"

बॉल ठेवायच्या जागा मात्र मस्त जुळल्या. पूल टेबलाच्या कडेला डायमंडच्या खुणा असतात, त्या लांबीचे आठ समान भाग करतात. आमच्याकडे एक भाग ११ इंचांचा. निळा बरोबर मध्यात. गुलाबीची जागा मध्य आणि वरची कुशन यांच्या बरोबर मधे असते, आणि पूलवाले जिथे रॅक लावतात तो ठिपका नेमका तिथेच असतो! काळा मोठ्या टेबलावर कुशनपासून पावणेतेरा इंचांवर, त्या प्रमाणात आमच्याकडे आठ इंच. दुसऱ्या टोकाला बॉल्क लाइन प्रमाणात १८ इंचांवर यायला हवी, पण आम्ही पूलचीच २२ इंचांवरची रेषा घेतली, कारण ती डायमंडवरून डोळ्यांनी दिसते. डी म्हणजे त्या रेषेवरचं अर्धवर्तुळ, सात इंच त्रिज्येचं. खडूने खुणा केल्या तर क्लबहाऊसच्या मॅनेजरबाई रागावल्या. मग फाइलच्या कागदांच्या भोकांना लावायच्या पारदर्शक रिंगा असतात ना, त्या चिकटवल्या. निघतातही पटकन. ही आयडिया घ्याच.

नऊ रेड आम्ही हिऱ्यासारखे रचले. नऊ रेड म्हणजे सगळे काळ्याबरोबर घेतले तर कमाल ब्रेक ९९. ऐकायला भारी वाटतं, पण खेळायला वाईट. मोजलं तेव्हा कळलं. गुलाबी आणि काळा यांच्या मधे मोकळी जागा पावणेबारा इंच, आणि नऊ बॉलचा हिरा दहा इंच लांब. म्हणजे शेवटचा रेड आणि काळा यांच्या मधून पांढरा जाऊच शकत नाही. बाबा म्हणाले, "काळ्याला श्वास घ्यायला जागा नाही." मग सहा रेड. त्रिकोण सहा इंचांचा, काळ्यापुढे साडेपाच इंच मोकळे. कमाल ब्रेक ७५. बाबांचा चेहरा पडला होता, सहा रेड म्हणजे पोरखेळ वगैरे. मग मी त्यांना दाखवलं की सिक्स रेडच्या जागतिक स्पर्धा होतात आणि आपल्या पंकज अडवाणीने २०१४ आणि २०१५ साली ती जिंकली आहे. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि तसं बघायला गेलं तर स्नूकर स्वतःच जुगाड आहे. १८७५ साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर, दुसऱ्या खेळातल्या १५ रेडमध्ये रंगीत बॉल टाकून हा खेळ सुरू केला असं सांगतात. (पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) निळा आणि तपकिरी तर नंतर आले म्हणे. हे मी बाबांना ऐकवलं. त्यांना माहीत होतं, अर्थातच.

पॉकेट बादली असल्यामुळे एक नियम वाढवला. पॉकेट आधी सांगायचं. नशिबाने दुसरीकडे गेला तर पॉइंट नाही, पाळी गेली. पूलमधला आणखी एक नियम मी सुचवला होता, की बॉल लागल्यावर काहीतरी कुशनला लागलंच पाहिजे. बाबांनी तो उडवून लावला. "मग हळूच मागे लपायचं कसं?" आणि इथेच मला हा खेळ कळला. छोट्या टेबलावर पॉट करणं सोपं होतं, हे खरं. पण बॉल मोठे आणि जवळजवळ, त्यामुळे लपणंही सोपं होतं. पांढरा तपकिरीच्या पाठीमागे नेऊन ठेवायचा, समोरच्याला रेड दिसताच कामा नये. हे आठ फुटांवरही तस्संच राहतं. फाउलचे किमान चार पॉइंट तसेच ठेवले, म्हणून लपण्याला किंमतही राहिली. बार्समधल्या नाण्याच्या टेबलांवर मात्र हे करायला जाऊ नका. तिथे आत गेलेला बॉल पुन्हा पैसे टाकेपर्यंत बाहेर येत नाही, मग कलर परत ठेवणार कसे?

सगळं बसलं. खेळायला लागलो. आणि मी जिंकायला लागले.

मला खेळता येत नाही हो! पण पहिल्या आठवड्यात मी पाचातले तीन गेम जिंकले, दोन-तीन पॉइंटने. बाबा चार बॉल सुंदर घ्यायचे आणि मग सरळ समोरचा काळा चुकवायचे. बादलीत. आधी वाटलं नजर, वय. मग एकदा त्यांनी अवघड निळा लांबून घातला आणि पुढचा अर्ध्या फुटावरचा रेड सोडला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, तुम्ही मुद्दाम हरताय?"

ते क्यू पुसत राहिले. मग म्हणाले, "सवय आहे गं." मेंबरबरोबर खेळताना जिंकायचं नसतं. फार हरायचंही नसतं, नाहीतर मेंबरला मजा येत नाही. थोडक्यात हरायचं. तीस वर्षं त्यांनी हा हिशोब केला होता आणि आता हात आपोआप करत होता.

मला खूप राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. त्या दिवशी आम्ही न बोलता घरी आलो. जेवताना आई म्हणाली, "तिला आधीच पॉइंट देऊन टाका की. मग काय हरायचंय ते तिथेच हरून झालं." आईने आयुष्यात स्नूकर पाहिलेलं नाही. पण स्नूकरमध्ये हे असतंच, त्याला स्टार्ट देणं म्हणतात. कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच पॉइंट द्यायचे. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला २० पॉइंटचा स्टार्ट दिला. ७५ च्या खेळात २० म्हणजे भरपूर. स्कोअर लिहायला आई बसली, मोबाइलच्या नोट्समध्ये, आणि पुकारायलाही लागली. बाबांना मी पहिल्यांदा कुणाचा तरी पुकारलेला स्कोअर ऐकताना पाहिलं.

पहिल्याच गेममध्ये रेड, काळा, रेड, काळा, रेड, गुलाबी, रेड. २४. मग काळा चुकला, आणि या वेळी ते स्वतःवरच चिडले. त्यानंतर मी सलग अकरा गेम हरले. स्टार्ट घेऊन! क्लबहाऊसमध्ये येणारी दोन कॉलेजची मुलं आता बाबांकडून सेफ्टी शिकतायत, भाषा निम्मी कळत नाही तरी.

काल मी जिंकले. शेवटच्या काळ्यावर, पाच पॉइंटने. खरं की खोटं, मी विचारलं नाही. आज सकाळी सातला उठून बघते तर बाबा घरात नाहीत. क्लबहाऊसमध्ये माझी शिवणकामाची टेप घेऊन वाकलेले. काळ्याची रिंग अर्धा इंच सरकली होती म्हणे, कुशनकडे. "म्हणून काल काळा लागत नव्हता," मला म्हणाले, "तो गेम धरायचा नाही."

आत टक टक चाललंय ते त्याचंच. मला हाक मारतायत, जाते. तुमच्या टेबलावर तुम्ही काय नियम केलेत ते व्हॉइस नोटवर पाठवा. नऊ फुटी असेल तर नऊ रेड लावून बघा, चालतील. भेटू पुढच्या भागात.