उतू न जाणारी वाटी

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात महिला शाखेतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या मेळाव्यात मोदकांवर नाहीतर पुरणावर कोणी ना कोणी बोलतं. यंदा आम्ही विषय घेतला आहे मायक्रोवेव्हमध्ये ओट्स शिजवण्याचा, तेही सांडलवंड न करता. विषय ऐकून काही जणींनी तोंडाला पदर लावला, ते आम्ही पाहिलं. पण आपल्या मंडळातल्या घरांकडे एकदा बघा. मुलं हैदराबादला, पुण्याला, काहींची अमेरिकेत. घरात दोघंच, कित्येक घरांत तर एकच माणूस. एकट्यासाठी पातेलं चढवा, ढवळत उभे राहा, मग ते घासा, या कंटाळ्यापायी सकाळ चहा-बिस्किटावर निघते. मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतली जाते.

अशा घरात मुलांनी मायक्रोवेव्ह आणून दिलेला असतो आणि डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितलेले असतात. पहिल्याच दिवशी ओट्स उतू जातात, काचेची थाळी चिकट होते, वाकून पुसताना कंबर धरते. त्यानंतर मायक्रोवेव्ह चहा गरम करण्यापुरता उरतो आणि ओट्सचा डबा फळीवर जाऊन बसतो. एक गरम नाश्ता निव्वळ पुसापुशीच्या धास्तीने बंद पडतो, म्हणून हा विषय.

ओट्स हे परदेशी खाणं, असं आपण म्हणतो. धान्य परकं आहे खरं, पण पदार्थ परका नाही. भरडलेलं धान्य पाण्यात शिजवून सकाळी वाटीभर घेणं ही या भागातली जुनीच रीत. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या आणि आंबील, शेजारच्या तेलुगू घरांत गटका आणि अंबली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण अलीकडे राहिलो. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवर महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातली आंबील काही सुटली नाही. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. आणि पूजनाच्या दिवशी पुरणपोळी व सोळा भाज्यांच्या जोडीला आंबिलीची वाटी. पुढे शिवारात कापूस आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली, आणि रोजची आंबील सणापुरती झाली.

हे सांगायचं कारण असं की, आंबील करणाऱ्या आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं तेच मायक्रोवेव्हलाही लागू पडतं. भांडं मोठं, आच मंद आणि मधे मधे हात. आजच्या भाषणाचं सार एवढंच. बाकीचा तपशील.

आधी उतू का जातं ते पाहू. नुसतं पाणी उकळलं तर बुडबुडा वर येतो आणि फुटतो. ओट्स शिजताना त्यातला स्टार्च फुगतो आणि पाणी चिकट होतं. वाफेच्या प्रत्येक बुडबुड्याला त्या चिकट पाण्याचा पापुद्रा मिळतो, तो लवकर फुटत नाही. बुडबुड्यावर बुडबुडा चढून फेस होतो. दूध घातलं असेल तर दुधातली प्रथिनं त्या फेसाला आणखी बळकटी देतात. गॅसवर आपण समोर उभे असतो, आच कमी करतो, डाव फिरवतो. मायक्रोवेव्हचं दार बंद आणि आपण दुसऱ्या कामात. पाऊण मिनिट काही होत नाही, आणि मग पाच सेकंदांत सगळं बाहेर!

आता कृती. एका माणसासाठी अर्धी वाटी साधे ओट्स आणि एक वाटी पाणी घ्या, म्हणजे ओट्सच्या दुप्पट. अर्धी वाटी म्हणजे साधारण ३० ते ४० ग्रॅम. शिजवायचं भांडं मात्र निदान एक लिटरचं, रुंद तोंडाचं, मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेचं किंवा चिनी मातीचं. 'एवढ्याशा ओट्सला एवढं भांडं?' असं मनात येईल, पण फेसाला चढायला आणि परत खाली बसायला जागा हवी. चहाचा कप किंवा आपली नेहमीची वाटी इथे चालत नाही. चिमूटभर मीठ आणि पाव चमचा तूप आधीच घाला. स्निग्धपणामुळे बुडबुड्याचा पापुद्रा लवकर फुटतो, आणि चवही येते.

दुसरी गोष्ट आचेची. मायक्रोवेव्हवर 'पॉवर' नावाचं बटण असतं, ते बहुतेक घरांत कोणी दाबलेलंच नसतं. ते ५० टक्क्यांवर आणा. बहुतेक यंत्रांत निम्मी पॉवर म्हणजे यंत्र थोडा वेळ पूर्ण जोरात चालतं, थोडा वेळ थांबतं, पुन्हा चालतं. त्या थांबण्यातच वर आलेला फेस खाली बसतो. पूर्ण पॉवरवर दोन-अडीच मिनिटांत होणारं काम निम्म्यावर चार-पाच मिनिटं घेतं. वाचलेली दोन मिनिटं पुढे थाळी पुसण्यात दहा मिनिटांनी फेडायची, त्यापेक्षा हे बरं.

तिसरी गोष्ट हाताची. दोन मिनिटांनी यंत्र थांबवा, भांडं बाहेर काढून तळापासून ढवळा, पुन्हा दोन मिनिटं लावा. शेवटच्या मिनिटाला काचेतून बघत उभे राहा. फेस काठाकडे निघाला की दार उघडा, तो लगेच बसतो. मग वर ताटली ठेवून दोन मिनिटं राहू द्या. उरलेलं पाणी ओट्स ओढून घेतात. दूध घालायचं ते आता, वेगळं कोमट करून. शिजताना दूध नाही, शिजल्यावर दूध, एवढं पाळलं तरी निम्मा पसारा टळतो.

मिनिटांवर फार विसंबू नका. यंत्र ७०० वॉटचं आहे की ९०० चं, यावर वेळ बदलते. आपल्याकडे व्होल्टेज उतरलं की तेच यंत्र ढिलं चालतं. पहिले तीन-चार दिवस समोर उभं राहून आपल्या यंत्राची वेळ ठरवा आणि कागदावर लिहून दारावर चिकटवा.

ज्यांना ओट्स नकोच आहेत त्यांनी याच रीतीने रोजची आंबील करावी. दोन चमचे ज्वारीचं पीठ आधी वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. पीठ तळाशी बसून गोळा होतं आणि त्याखाली वाफ कोंडून उसळी मारते, म्हणून इथे दर ४० सेकंदांनी ढवळायचं. दाटसर झाली की बाहेर काढून कोमट होऊ द्या आणि मगच ताक, जिरेपूड, मीठ घाला. ताक घालून जोरात तापवलं तर ते फाटतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील आपापल्या घरच्या रीतीनेच व्हावी, त्याला आम्ही हात लावत नाही. हे रोजच्या एका वाटीपुरतं.

काही खबरदारी. स्टीलची वाटी, चमचा आणि सोनेरी काठाचा कप आत जाता कामा नये, ठिणग्या उडतात. घट्ट झाकण लावू नका, वाफेला वाट हवी. भांडं काढताना जाड फडकं घ्या आणि भांडं ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा. चिकट ओट्स अंगावर सांडले तर पाण्यासारखे ओघळून जात नाहीत, चिकटून भाजतात. घरात नातवंडं असतील तर हे विशेष ध्यानात ठेवा.

एवढं करूनही सांडलंच तर खरवडू नका. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून तीन-चार मिनिटं तापवा, पाच मिनिटं दार बंदच ठेवा, मग प्लग काढून मऊ फडक्याने पुसा. वाळलेला थर वाफेने सुटतो. आतल्या भिंतीवर पातळ, कागदासारखा अभ्रकाचा पत्रा असतो, तो काढायचा नाही, पण स्वच्छ ठेवायचा. त्यावर अन्न वाळून बसलं की ते जळतं आणि ठिणग्या पडतात. तारेच्या घासणीने आतला रंग गेला तरी तेच होतं.

ओट्स घेताना साधे घ्या. मसाल्याच्या किंवा गोड पाकिटांत मीठ-साखर बरीच असते. ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन हृदयविकाराचा धोका कमी करू शकतं, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. एका वाटीत त्यातला साधारण निम्मा वाटा येतो. ज्वारीचंही आपलं मोल आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आणि आपल्या हैदराबादेत राजेंद्रनगरला भरड धान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे. ज्वारीचे पोहे, ज्वारीचा रवा आता दुकानात मिळतो. तोही याच रीतीने शिजतो, पाणी आणि वेळ थोडी जास्त. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

शेवटी एक विनंती. हे नुसतं ऐकून होत नाही. आपल्या गल्लीत कोणी काका, कोणी मावशी एकट्या राहत असतील तर या गणपतीत प्रसाद द्यायला जाल तेव्हा अर्धा तास बसा. त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच भांड्यात, त्यांच्याच हातून एकदा वाटीभर ओट्स किंवा आंबील करून घ्या. यंत्राची वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पुढच्या थंडीत, आदिलाबादचा पारा सगळ्या तेलंगणाच्या खाली उतरतो तेव्हा, त्या घरातली सकाळ गरम असेल.

गणपती बाप्पा मोरया!