हाताला काम, मनाला उभारी



हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटच्या थप्प्या लागतात. माल निवडायला हात पुरत नाहीत. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयातून उपचार घेऊन परतलेला एखादा पोरगा घरच्या ओट्यावर नुसता बसून असतो. लोक म्हणतात, "आळशी झालाय!"

मंडळी, हा आळस नव्हे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भास ओसरले, तरी उमेद लवकर परतत नाही. म्हणून 'पुरता बरा झाला की काम देऊ' असे म्हणत थांबू नका. औषध चालू ठेवा, आणि त्याला विचारून रोज दोन तास माल निवडायला बसवा. तासाची मजुरी इतरांइतकीच द्या. जमेल तसा वेळ वाढवा.

गुरुजी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकारही येतो. दाखला काढायला घरच्यांना तुम्ही मदत करा. दया नको, काम हवे.