लेकराचं पीठ बांधलं का?



दसरा जवळ आला, की आपल्या बीड जिल्ह्यात बचत गटांच्या बैठकांत एकच विषय असतो. कोणी कुठल्या मुकादमाची उचल घेतली, कोण कोणत्या कारखान्याला चाललं, मागं हप्ता कोण भरणार. आम्ही सहयोगिनी ते सगळं वहीत लिहून घेतो. यंदा त्या वहीत आम्ही एक रकाना वाढवलाय. बरोबर दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे का, आणि त्याला कितवा महिना चालू आहे. रकाना भरत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की काही लेकरांना सहावा महिना लागेल तो उसाच्या फडावरच. त्यांचं उष्टावण कोपीत होणार. म्हणून आजचं बोलणं.

पहिल्या सहा महिन्यांचं आता बहुतेकींना ठाऊक आहे. जन्मल्यावर तासाभरात पाजायचं, पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, मध-गुटी नाही, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. एवढं आपल्या बाया पाळतात. घोळ होतो तो पुढं.

सहा महिने झाले, की आईचं दूध चालूच ठेवायचं, पण नुसतं दूध पुरत नाही. अंगातलं लोह संपत येतं आणि वाढ तर जोरात चाललेली असते. तीन किलोचं जन्मलेलं लेकरू वर्षाचं होईस्तोवर नऊ किलोच्या आसपास जायला हवं. वर्षात तिप्पट! अशी वाढ पुन्हा जन्मात होत नाही. आणि नेमकं याच वेळी आपण त्याला काय देतो? मामानं वाटीभर खीर चाटवली, फोटो काढला, की पुढचे तीन-चार महिने वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट. म्हाताऱ्या म्हणतात, ‘दात न्हाईत, कसं खाईल?’ लेकराच्या हिरड्या बोटाला एकदा लावून बघा, किती कडक असतात ते. मऊ कालवलेलं अन्न त्या सहज चेपतात.

वरणाच्या पाण्याचा हिशोब सांगतो. सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी २०० मिलीच्या आसपास मावतं, म्हणजे एक पेला. त्यात पाणी भरलं तर पोट टम्म होतं, लेकरू गप्प बसतं आणि आईला वाटतं जेवलं. ताकद मात्र गेली नाही. डाळ पातेल्याच्या तळाशी राहिली, ती मोठ्यांच्या ताटात गेली. म्हणून खूण एकच. चमचा वाकडा केला तर घास घरंगळून पडला नाही पाहिजे. वर चमचाभर तेल किंवा तूप सोडायचं. पोट लहान असतं, म्हणून थोडक्यात जास्त ताकद घालायची.

किती द्यायचं, हेही विचारता. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा, मधे एखादं केळं किंवा उकडलेला बटाटा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. वाटी लेकराची स्वतःची असावी. सगळ्यांच्या ताटात चार घास खाल्ले, की कोणालाच कळत नाही त्यानं किती खाल्लं.

देशभरच्या आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ सालच्या, सहा महिने ते दोन वर्षांच्या दर १०० लेकरांत पुरेसा आहार मिळणारी ११ निघाली. आपल्या राज्यात पाच वर्षांच्या आतल्या १०० मागे ३५ लेकरं वयाच्या मानानं उंचीला कमी आहेत. ही सगळीच काही उपाशी घरची नाहीत. आपल्याकडं ज्वारी आहे, तूर-मूग आहे, शेंगदाणा आहे, परसात शेवगा आहे. ज्वारीच्या कण्यांत मूठभर मुगाची डाळ घालून मऊ शिजवली, वर तेल सोडलं, तर बाजारातल्या डब्याची गरज नाही. अंडं चालतं. सहा महिन्यांनंतर पिवळं-पांढरं दोन्ही चालतं, नीट उकडून कुस्करलेलं.

पण हे झालं घरचं. फडावर काय? पहाटे चारला उठून दिवसभराच्या भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. लेकरू झोळीत नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. (ती बहीण शाळेत का नाही, हा विषय वेगळा, पण तो आम्ही विसरलेलो नाही.) खाडा झाला तर पैसे कापतात. अशा वेळी ‘तीन तासांनी ताजं शिजवून भरवा’ असं सांगणं म्हणजे थट्टाच. सकाळी शिजवलेली पेज दुपारी आंबते, ती पाजली की लेकराला जुलाब.

म्हणून कोरडं पीठ. चार वाट्या ज्वारी किंवा गहू, दोन वाट्या डाळवं, हे खमंग भाजून बारीक दळायचं. शेंगदाण्याचा कूट त्यात आधीच घालू नका, पीठ खवट होतं. आठवड्यापुरता कूट वेगळा करा आणि भरवताना चमचाभर मिसळा. अख्खा दाणा लेकराला कधीच देऊ नका, घशात अडकतो. सकाळी स्वैपाकाबरोबर पाणी खळखळ उकळून थर्मासमध्ये भरायचं. फडात भुकेच्या वेळी वाटीत पीठ, कूट, तेल आणि ते गरम पाणी. घट्ट कालवायचं, हात साबणानं धुऊन भरवायचं. वाटीत उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

आणखी एक पीठ लहान डबीत न्यायचं, मोडाचं. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, मोड चोळून काढून टाकायचे, अगदी हलकं गरम करून दळायचं. ज्वारीला मोड आणून हे करू नका, तिचे कोंब लेकराला चांगले नाहीत. सकाळी कोपीत लापशी केली आणि ती इतकी घट्ट झाली, की लेकरू गिळेना, तर पाणी ओतू नका. खाली उतरवून जरा निवू द्या, लहान चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा. बघता बघता लापशी सैल होते. मग परत एक उकळी द्या. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे ताकद तेवढीच राहिली. पहिल्यांदा बघणाऱ्या बाया हमखास हसतात.

आता भरवायचं कोणी? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांची, तोडणी दोघांची. मोळ्या बांधायला बाई बसते तेव्हा बाप्यानं दहा मिनिटं लेकराला भरवायला काय हरकत? बापाच्या हातचं खाऊन पोट भरत नाही, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. आणि रडलं की पाच रुपयांचा पुडा हातात, हे बंद करा. त्यानं भूक मरते.

आजारात खाणं तोडू नका. जुलाब लागले तर दूध चालू, जलसंजीवनी चालू, आणि सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस, मधेच थांबले तरी. आशाताईकडून ही पाकिटं आणि लोहाची बाटली जायच्या आधीच मागून घ्या. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक मिली.

अंगणवाडीचं कार्ड पेटीच्या तळाशी नको, पिशवीत वर ठेवा. पोषण ट्रॅकरमधली नोंद दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत हलवता येते, म्हणून निघताना आपल्या ताईला सांगून जा. तिकडं घरपोच आहार, वजन आणि दंडाची पट्टी मागा. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल रंगात आली, तर त्या दिवशीचा खाडा पडू द्या आणि दवाखाना गाठा.

आमच्या गटांनी बैठकीला उशिरा येणाऱ्यांच्या दंडाचे पैसे साठवले होते. त्यातून लेकरू घेऊन निघालेल्या बायांना थर्मास घ्यायचं ठरलंय. पीठ दसऱ्याच्या आधीच्या बाजारच्या दिवशी दळायचं. ज्वारी आणि डाळवं निवडून, भाजून आणा, झाकणाचा कोरडा डबा आणा. चक्कीवाल्याला सांगून ठेवलंय, त्या दिवशी आधी आपलं पीठ, मिरची-हळद नंतर.